विमलाकाकूचं म्युझियम

कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत दर मे महिन्यात कोकणातून पाहुणे उतरायचे. आपल्या घरच्या पाहुण्यांना मुंबई दाखवायचं काम शेजारची विमलाकाकू स्वतःच्या अंगावर घ्यायची. सुनेनं एकटीनं भटकायचं नाही, असा तिच्या सासूचा दंडक होता. पाहुण्यांसोबत मात्र मोकळीक. मला विचाराल तर तो दंडक नव्हता, दावं होतं.

पाहुण्यांना हवी असायची राणीची बाग, नाहीतर चौपाटी. काकू त्यांना थेट फोर्टातल्या म्युझियममध्ये नेऊन उभं करायची. "वाघ काय पळून जातोय? आधी हे बघा!" एका पाहुण्याच्या कृपेनं तिच्या दगडी मूर्ती बघून झाल्या, दुसऱ्याच्या कृपेनं ढाली-तलवारी. पण वरच्या मजल्यावरच्या तळहाताएवढ्या चित्रांपाशी ती पोचली, की हमखास कोणाचे तरी पाय दुखायला लागायचे आणि तिला खाली उतरावं लागायचं. घरी येऊन ती भांडी आपटायची.

शहाऐंशी साली मे सरत आला तरी एकही पाहुणा फिरकला नाही. मग एका रविवारी काकूनं सकाळीच सगळ्यांचा स्वयंपाक उरकला, ठेवणीतली साडी नेसली, डब्यात घावणे भरले आणि चपला पायात सरकवल्या.

सासू दारातच बसली होती. "आज कोण पावणो इलो गो?"

"आज मीच पावणी," काकू म्हणाली. "आणि माझे पाय दुखत नाहीत."