खांबाला टेकवलेला हात

"सावकास चढा, वायरमन. पडू नगा."

मार्गासनीच्या लाईनवर मी खांबाला शिडी लावली की हे वाक्य यायचंच. आणि ते म्हणताना खांबाजवळच्या घरातले म्हातारे बाबा एक तळहात खांबाला टेकवून उभे राहायचे. सिमेंटचा खांब तो, हलणार कशाला? मी चिडवायचो, "बाबा, हात काढलात तर पडेल का काय खांब?" ते हसायचे नाहीत. "ऱ्हाऊ द्या. माझं काय जातंय," म्हणायचे.

लाईट गेली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि उगाच नव्हे. त्यांच्या म्हातारीच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. आमच्या डोंगरात लाईट किती टिकते ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून घरात एक भरलेला सिलिंडर कायम ठेवलेला असायचा, भोरहून आणलेला.

मग पत्र्यावर सोलर आलं. अर्ज, मंजुरी, तपासणी, सगळ्यासाठी बाबांनी एसटीनं हेलपाटे घातले. शेवटी नेट मीटर बसवायला मीच गेलो. दिवसा उरलेली वीज लाईनीत द्यायची, रात्री लाईनीतली घ्यायची, दोन्ही एकाच मीटरमधून. बाबांना त्यातलं देणं फार आवडलं. शेजारणीला म्हणायचे, "दुपारी तुज्या फ्रिजमधी माझी लाईट हाय बरं का." तीही काही कमी नव्हती. ढगाळ दिवस असला की म्हणायची, "बाबा, आज तुमची लाईट लई पातळ आली."

त्या दिवशी मी मीटरचे स्क्रू आवळत होतो. बाबांनी विचारलं, "आता लाईन गेली तरी दिवसा मशीन चालंल न्हवं?" मला अजून दोन गावं गाठायची होती. मी होकारार्थी मान हलवली. नुसती मान. आग लागो त्या मानेला.

नियम मला पाठ होता. बॅटरी नसलेलं असलं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, पडायलाच हवं. नाहीतर पत्र्यावरची वीज उलटी तारेत शिरते आणि खांबावर चढलेला माणूस जागच्या जागी जळतो.

माझ्या मानेवर विश्वास ठेवून बाबांनी सिलिंडर टेम्पोत घातला आणि परत पाठवून दिला. दुसऱ्या कुणाच्या पेशंटला लागेल म्हणून. मला याचा पत्ताच नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी वाऱ्यानं आंब्याची फांदी तारेवर पडली आणि तार तुटली. मी खांबावर होतो. ऊन असं की पक्कड हातात धरवत नव्हती. बाबा रस्त्यानं पळत येताना दिसले, अनवाणी.

"वायरमन, पत्र्यावर ऊन पडलंय की. मशीन का बंद पडलं?"

"सिलिंडर लावा ना, बाबा."

"त्यो दिला की माघारी. तुमी म्हनला व्हता, चालंल."

खोटंसुद्धा सुचेना. "मी वर आहे म्हणून ते बंद आहे, बाबा. ते चालू राहिलं तर मी मरेन. चूक माझी. तेव्हाच सांगायला हवं होतं."

ते वर बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. पण त्यांनी तळहात खांबाला टेकवला. "सावकास करा. पडू नगा," म्हणाले, आणि घराकडे पळाले.

वरूनच मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि बोटं सोलून निघेपर्यंत तार ओढली. लाईन सुरू करून धावत त्यांच्या दारात गेलो तेव्हा मशीन घरघरत होतं. बाबा नळी म्हातारीच्या नाकाशी धरून बसले होते. ती केव्हाच गेली होती. रुग्णवाहिका त्यानंतर आली.

पुढं लेक त्यांना किकवीला घेऊन गेली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला सोसत नाही.

घर आता बंद आहे. सोलर मात्र दिवसभर चालतं आणि सगळी वीज गावाला देतं. लाईन गेली की मी शिडी लावतो आणि आधी त्या पत्र्याकडे बघतो. त्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि सोलर बंद असतं, माझ्यासाठी. खाली कुणी नसतं. मग मीच माझा तळहात खांबाला टेकवतो, आणि सावकाश चढतो.