मामाच्या ट्रंका आणि मामीचा सोफा

मामाने बनवलेली वस्तू मोडत नाही, ही त्याची कीर्ती आहे. मोडायची ठरवली तरी मोडत नाही, ही घरातल्यांची तक्रार आहे. मागे मामीला स्वयंपाकघरातली एक फळी नकोशी झाली. ती आम्ही काढायला गेलो, तर फळीबरोबर भिंतीचा हातभर तुकडा बाहेर आला. फळीवर ओरखडासुद्धा नव्हता. भिंतीच्या तुकड्यासकट ती फळी हातात धरून मामा मला म्हणाला, "बघितलंस? हल्ली भिंती किती कच्च्या बांधतात!"

मामा सुतार आहे आणि घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. जिथे एक स्क्रू पुरतो तिथे तो तीन मारतो, आणि तिन्हींच्या आधी गोंद लावतो. काम संपलं की वस्तूवर तळहात ठेवतो, समोरच्याकडे बघतो आणि म्हणतो, "हलवून बघ." समोरचा हलवून बघतो. काही हलत नाही. मग मामाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघायला गल्लीतले लोक उगाच खुर्ची घेऊन येतात. मामाला सगळे 'हलवून-बघ' म्हणतात. पत्ता विचारला तरी तेच सांगतात.

मामीला मात्र त्या खोलीत सोफा हवा होता. नऊ वर्षं हवा होता. पाहुणे आले की त्यांना करवतीच्या घोडीवर बसवायचं, उठताना त्यांचे कपडे झटकून द्यायचे, आणि "भुसा आहे, लागत नाही" असं म्हणायचं, याचा तिला कंटाळा आला होता. मामीच्या भावाचं फर्निचरचं शोरूम होतं. तिथे कपाटं सुटी येत आणि एका वाकड्या चावीने जोडली जात. जोडणाऱ्याची जागा रिकामी होती.

"चावीने उघडतात ते कपाट मला माहीत आहे," मामा म्हणायचा, "चावीने उभं राहतं ते नाही."

गेल्या थंडीत मी त्यांच्याकडे राहत होते, तेव्हा हा प्रश्न एकदाचा निकाली काढायचं ठरलं. निमित्त झालं साउंडवाल्याचं. गाण्याच्या कार्यक्रमांना आणि नाटकांना हा माणूस स्पीकर आणि माईक पुरवायचा. जन्मभर दुसऱ्यांचा आवाज वाढवत आलेला हा गृहस्थ स्वतः इतका हळू बोलायचा, की त्याच्यासमोर आपण आपोआप पुढे झुकतो. त्याच्या केबली पोत्यांत असायच्या. प्रत्येक कार्यक्रमाचा पहिला तास त्या सोडवण्यात जायचा. आता एका मंडळीबरोबर त्याचा महिनाभराचा दौरा ठरला होता आणि त्याला प्लायवूडच्या तीन ट्रंका हव्या होत्या. प्रत्येकीत आठ कप्पे, खाली चाकं, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या.

"बारा एमएमचं प्लाय चालेल," तो पुटपुटला.

"अठराचं घालतो," मामा म्हणाला.

"जड होईल हो, मिस्त्री."

"तुमचे लोक उचलणार. मला ती पडल्यावरची काळजी आहे."

साउंडवाला गेल्यावर मामी हातातलं विणकाम खाली ठेवून म्हणाली, "अहो, ऐका. ह्या कामात एकही तक्रार आली नाही, तर खोली तुमची. सोफ्याचं नाव काढणार नाही. पण एक जरी तक्रार आली, तर हत्यारं माळ्यावर, आणि तुम्ही माझ्या भावाकडे."

"आजवर आली आहे तक्रार?"

"ती भिंत बोलू शकली असती तर."

मामाने माझ्यासमोर तिच्या हातावर हात मारला. साक्षीदार मी.

दुसऱ्या दिवशी साउंडवाला मापासाठी चार केबली ठेवून गेला, तेव्हा मामा कड्या आणि चाकं आणायला बाजारात गेला होता. जाताना मला म्हणाला, "माप ह्यांचंच घ्यायला सांगा. सगळ्या अशाच आहेत." त्या खोलीच्या मधोमध पडल्या होत्या. मोठी, गोल, सैल वेटोळी. तो गेला, आणि मामी झाडू घेऊन त्या खोलीत शिरली.

"हे काय! अजगरांची शाळा भरल्यासारखी पडली आहेत. चल गं, टोक धर."

मी टोक धरलं. मामीने वेटोळं सोडलं आणि अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, अशी केबल गुंडाळायला सुरुवात केली. लोकर अशीच गुंडाळते ती, वाळत घालायची दोरीही अशीच. हात झरझर चालत होता. बघता बघता चारही केबलींच्या घट्ट, नेटक्या लडी झाल्या. उरलेल्या गुलाबी लोकरीचे तुकडे घेऊन तिने त्या बांधल्या आणि मांडणीवर एकीवर एक रचल्या. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

मामा परत आला, लडींचं माप घेतलं, आणि खूश झाला. "माणूस नीटनेटका आहे," तो म्हणाला. "एक वीत आणि चार बोटं. कप्पा एकदम आटोपशीर होणार." लडी मामीने केल्यात, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस घरात ताज्या प्लायचा वास होता. सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आत यायचं आणि त्यात भुसा खूप वेळ तरंगत राहायचा, खाली बसायचं विसरल्यासारखा. मामा प्रत्येक सांध्याला गुण्या लावून बघायचा, काटकोन जुळला की गोंद, गोंदावर स्क्रू, स्क्रूवर आणखी दोन स्क्रू. कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसल्या. आत काळं मऊ कापड लागलं. चाकांना पायाने दाबायचे ब्रेक होते. ते मामा दिवसातून दहा वेळा लावून काढून बघायचा. मामी दारातून जाता येता टेपने भिंतीची लांबी मोजायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची. सोफा तीन माणसांचा की दोन, एवढंच तिच्या मते ठरायचं होतं.

ट्रंका न्यायला साउंडवाला सकाळी टेम्पो घेऊन आला. दौरा चार दिवसांवर होता. तिन्ही ट्रंका ओळीने उभ्या होत्या, काळ्या आणि चकचकीत. मामाने ब्रेक लावले, चपला काढल्या, मधल्या ट्रंकेवर चढला आणि दोन्ही पायांनी उडी मारली. वर छताचा पंखा थरथरला. ट्रंक नाही.

"हलवून बघा," वरूनच मामा म्हणाला.

साउंडवाल्याने हलवून बघितलं. मग तो हसला, आणि बहुधा "वा" म्हणाला. मामाने मामीकडे बघितलं. मामीने टेप घडी करून खिशात टाकला.

साउंडवाल्याने झाकण उघडलं. टेम्पोतून आणलेलं एक वेटोळं त्याने पहिल्या कप्प्यावर धरलं. ते बसलं नाही. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. अर्धं वेटोळं बाहेरच राहिलं. त्याने दुसऱ्या कप्प्यात प्रयत्न केला, जणू तो मोठा असणार होता.

"असं कसं?" मामा खाली उतरला. "तुमच्याच मापाने केलंय." त्याने मांडणीवरची एक लड आणून कप्प्यात ठेवली. पेन टोपणात बसावं तशी ती बसली.

साउंडवाल्याने ती लड उचलली. बोटांनी चाचपली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग, ज्याला आम्ही पुढे झुकल्याशिवाय कधी ऐकू शकलो नव्हतो, तो माणूस ओरडला:

"हे कुणी केलं?"

समोरच्या घराची खिडकी उघडली.

"कोपरावर गुंडाळलीय ही! कोपरावर!" तो प्रत्येक वेढा आम्हाला दाखवत होता, डॉक्टर मोडलेलं हाड दाखवतात तसा. "प्रत्येक फेऱ्याला आतली तार पिळली जाते. मग गायिका सूर लावते आणि स्पीकर खोकतो! केबल कशी गुंडाळतात, हे माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी शिकवतो!"

मामाची नजर लडीच्या गाठीवर होती. गुलाबी लोकर. त्याच लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर त्याच्या अंगात होता. त्याला सगळं कळलं हे मला कळलं, आणि मामीलाही. पैज जिंकायला तिने नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं. तक्रार आली होती, आणि अख्ख्या गल्लीने ऐकली होती.

मामाने घसा साफ केला. "मीच गुंडाळल्या," तो म्हणाला. "जागा अडत होती."

साउंडवाल्याने एकदा लोकरीकडे आणि एकदा स्वेटरकडे बघितलं. पुरावा पक्का होता.

"खोटं बोलतायत," मामी म्हणाली. "ह्यांना साधी दोरी गुंडाळता येत नाही. स्वतःच्या पायजम्याची नाडी मला ओवून द्यावी लागते. मी गुंडाळल्या, भाऊ."

"नाडीचं इथे काय काम आहे?" मामा म्हणाला.

"टोक मी धरलं होतं," मी म्हणाले, पण माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मामाने पटाशी आणली. मधल्या फळ्या काढल्या तर दोन कप्प्यांचा एक होईल, असा त्याचा बेत होता. अर्धा तास तो आणि साउंडवाला आळीपाळीने ठोकत, ओढत, घाम पुसत होते. फळी जागची हलली नाही. मामाच्या चेहऱ्यावर लाज आणि अभिमान इतके मिसळले होते की कुठला कुठे संपतो ते सांगता येत नव्हतं.

"नव्या करतो," तो शेवटी म्हणाला. "तीन दिवसांत. पण ह्या वेळी केबल तुम्ही गुंडाळून द्यायची."

"मी कुठे बसू गुंडाळत? साठ आहेत."

"मला दाखवा," मामी म्हणाली.

साउंडवाल्याने दाखवलं. पहिला वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट वळवून आतून. मग पुन्हा सरळ. पुन्हा आतून. पीळ एकमेकांना खातात आणि केबल सरळ राहते. मामीने दोन वेढे बघितले.

"म्हणजे एक सुलट, एक उलट," ती म्हणाली. "मग असं सांगा ना. विणकामच आहे."

तिसऱ्या केबलीला तिचा हात बसला. पाचवी बघून साउंडवाला पुन्हा हळू बोलायला लागला, तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

ते तीन दिवस मामाने कापलं, मी घासलं, आणि मामी जुन्या ट्रंकेवर उशी टाकून, भिंतीला पाठ लावून केबली गुंडाळत राहिली. नव्या ट्रंकांमध्ये मामाने आयुष्यात पहिल्यांदा खाचा पाडल्या. फळी वरून सरकवायची, नको असेल तर काढायची. गोंद नाही, स्क्रू नाही. प्रत्येक खाच पाडताना तो दात काढणाऱ्या माणसासारखा चेहरा करायचा. शेवटची फळी सरकवून त्याने सवयीने तळहात ठेवला, तोंड उघडलं, आणि मिटलं. फळी हलणार होती. हलण्यासाठीच होती.

दौऱ्याच्या सकाळी टेम्पो गेला. साठच्या साठ वेटोळी कप्प्यांत बसली होती. साउंडवाला काहीतरी फार छान बोलला असावा; गाडीच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही.

मामा आत आला आणि हत्यारं पुसायला लागला. रंधा, गुण्या, पटाशी एकेक करून फडक्यात बांधत होता. "माळ्याची शिडी कुठे आहे?" त्याने मला विचारलं.

"कशाला?" मामी म्हणाली.

"तक्रार आली होती. हातावर हात मारलाय मी."

मामी त्या जुन्या तीन ट्रंकांवर बसली होती. खरं तर मधल्या, पण हात दोन्हीकडे पसरून, म्हणजे तिन्हींवर. भिंतीला त्या अगदी काटोकाट बसल्या होत्या. तीन माणसांच्या.

"हत्यारं माळ्यावर जायची ती सोफ्याला जागा व्हावी म्हणून," ती म्हणाली. "आता ह्या खोलीत सोफा कुठे मावतोय? बसायला जागा झालीच आहे. पाठीला दोन उशा शिवते, झालं."

"अगं, पण चाकं आहेत त्यांना."

"असू देत. झाडायला बऱ्या."

मामाने फडकं सोडलं. मग, आपण फार मोठी सवलत देतोय अशा आवाजात म्हणाला, "उशांना स्क्रू मारू का?"

आता कप्प्यांत मामीची लोकर असते, रंगांप्रमाणे लावलेली. कार्यक्रम असला की साउंडवाला केबली घेऊन येतो आणि मामी गुंडाळून देते. मामा शेजारी रंधा मारतो आणि भुसा दोघांवर सारखाच उडतो. परवा मामीचा भाऊ आला. नवी ट्राउझर्स सांभाळत तो ऐटीत टेकला, आणि तसाच बसल्या बसल्या हळूहळू खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"थांब रे," मामी आतून ओरडली, "बसायच्या आधी ब्रेक लावायचा असतो!"