'खरं का?' विचारायचं नाही

लेखनाच्या ग्रुपमध्ये माणसं एकमेकांचं तोंडही न बघता एकमेकांच्या घरात शिरतात. मग किस्से साठणारच. आमच्या कथा-ग्रुपमधले बहुतेक एकाच शब्दावरून झाले. तो शब्द म्हणजे 'मी'.

*

सुरुवात दादरच्या नीलिमाने केली. तिने सासू वारल्याची कथा टाकली, पहिल्या ओळीपासून 'मी' आणि 'माझ्या सासूबाई'. लगेच हात जोडलेल्या इमोजींचा पूर! तिच्या सासूबाई ग्रुपवरच होत्या. त्यांनी लिहिलं, "कोण गेलं म्हणता? मी आमटीला फोडणी देतेय."

नीलिमा पुढे बरेच दिवस घरात हळू आवाजात बोलत होती.

*

ग्रुप चालवतात गिरगावच्या कामतबाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी नियम काढला, "कथेतली 'मी' म्हणजे लेखक नव्हे. खरं का, असं कुणी विचारायचं नाही. कथेवर बोला."

*

मी 'मला नोकरीवरून काढलं' अशी कथा टाकली. खरंच काढलं होतं. बाईंची व्हॉइस नोट आली, "साहेब सपाट झालाय रे. त्याला जरा माणूस कर."

हसू की रडू कळेना. पण साहेब पुन्हा लिहिला आणि राग थोडा उतरला.

*

डिलाईल रोडची सुजाता नुसती वाचायची. बाईंनी मागे लागून तिला लिहितं केलं. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या, भेटल्या मात्र कधीच नाहीत.

तिच्या कथेत नवरा कामावर जाताना बाहेरून कडी लावायचा. आम्ही म्हटलं, "नुसत्या कडीने कोण अडकतं? शेजारीण काढेल की. पटत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कथेत कडीला कुलूप लावलं. सगळे म्हणाले, "आता पटतं." मला भीती वाटली, पण नियम म्हणजे नियम.

*

मग एका दुपारी तिने लिहिलं, "आज तो कुलूप लावायला विसरला. शेजारणीने कडी काढली. मी जिना उतरले. पुढे सुचत नाही."

एकाने सुचवलं, "तिला परत वर पाठव. शोकांतिका होईल."

बाई कधी टाइप करत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या नावाखाली 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

"सुजाता, हे खरं का?"

"हो."

"कुठे आहेस?"

"चाळीखाली. वाण्याच्या दुकानात."

"तिथेच बस. टॅक्सीने निघते."

थोड्या वेळाने सुजाताचा मेसेज आला, "बाई, येताना चपला आणाल? पाच नंबर."