अळीच्या वाट्याचं बियाणं

कृषी सेवा केंद्राच्या पायरीशी, गटाराच्या कडेला कपाशीचं एक झाड उगवलं होतं. कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा साध्या बियाण्याची छोटी पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळी तिथे पोट भरेल आणि बीटी पचवायला शिकणार नाही, असा सरकारी नियम होता. लोक पुडी पायरीवरच टाकून जायचे.

कृषी खात्यात असताना हा नियम सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"साहेब, जिला मारायचं, तिलाच जेवू घालायचं?" पाकीट घ्यायला आलेल्या रुख्माबाई हसून विचारायच्या. मलाही हसू यायचं.

तालुक्याला मोर्चे यायचे. कुणाला हे बियाणं बंद हवं होतं, कुणाला बंदी असलेलं नवं बियाणं मोकळं हवं होतं. दोन्हीकडच्या घोषणा मी कचेरीच्या खिडकीतून ऐकल्या. अळीपुरत्या चार ओळी राखा म्हणणारा मोर्चा मात्र कधी आला नाही. आपल्या रानात दुसऱ्याचा घास ठेवणं कायद्याने शिकवता येत नसावं.

पुढे अळी बीटी पचवायला शिकलीच.

पायरीजवळच्या त्या झाडाला एकच फूल होतं, पाकळ्या घट्ट मिटलेलं. मी ते हलकेच उकललं. आत बोंडअळी निवांत खात होती. सगळं बीटीचं शिवार आता तिला खायला मोकळं असताना ती नेमकी तिच्यासाठी राखलेल्या झाडावर आली होती. आमच्या तालुक्यात तो नियम पाळलेली ती एकटीच.