नानांनी बंद न केलेला शब्द

कॉम्प्युटर शिकून गावी परतलं की किस्से आपोआप साठतात. लोक दुरुस्तीला बोलावतात आणि चहाबरोबर एकेक किस्सा हातात देतात. माझे बरेचसे अमळनेरच्या नानांच्या घरचे.

नाना निवृत्त मास्तर. तीस वर्षं अहिराणी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यांत ठेवत आलेले. मुलाने जुना कॉम्प्युटर पाठवला तेव्हा मीच म्हणालो, "नाना, आता शब्द यात टाका. मरणार नाहीत."

शब्द सांगणार त्यांची थोरली बहीण, अक्का. ती सत्तरीच्या नानांना 'टिलबुऱ्या' म्हणायची. अर्थ विचारला की ते अजून लहानच असल्यासारखं म्हणायची, "मोठा व्हयना की सांगसू."

*

पहिली तक्रार अशी: कॉम्प्युटर सकाळी पळतो, दुपारी बसकण मारतो. मी पाहिलं, मेमरीचा आकडा तासातासाला चढत होता.

"त्याले ऊन लागस," अक्का म्हणाली. तिने घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः पदराने वारा घेत बसली.

*

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून धुळीबरोबर उडून गेलेला मूठभर कापूस निघाला, पण फरक पडला नाही. मग मी जळगावहून जास्तीची मेमरी आणून बसवली. बाराला अडकणारा कॉम्प्युटर तीनला अडकू लागला.

रफिकभाई म्हणाले, "गोदाम मोठं केलंस भाऊ. माल बाहेर कुठे जातोय?"

*

एका दुपारी कॉम्प्युटर थिजला तेव्हा अक्काने सांगितलेले खळ्यावरचे अकरा शब्द गेले. नानांनी पुन्हा विचारलं. अक्काने बोटांवर मोजायला घेतलं.

"आते याद नही," ती म्हणाली.

त्या दिवशी मी चहा न घेताच निघालो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नानांच्या शेजारी बसलो. ते प्रत्येक शब्दाला नवी फाइल उघडत, ती लहान करून खाली ठेवत, पुढची उघडत. दुपारपर्यंत चाळीस झाल्या.

"नाना, या बंद का करत नाही?"

"अक्का अर्थ पक्का करेपर्यंत चिठ्ठी डब्यात जात नाही. सेव्ह म्हणजे डबाच ना?"

महिनाभर मी व्हायरस शोधत होतो! सगळ्या शब्दांची एकच फाइल करून दिली, कच्च्या शब्दांपुढे फुली मारायला सांगितलं आणि दर शब्दाला सेव्ह करायची शपथ घातली. कॉम्प्युटर पुन्हा अडकला नाही.

*

संक्रांतीनंतर अक्का गेली. तेराव्यानंतर मी नानांकडे गेलो. कॉम्प्युटर चालूच होता. मोठी यादी नीट सेव्ह केलेली. स्क्रीनच्या तळाशी मात्र एक वेगळी फाइल उघडी होती. आत एकच शब्द, टिलबुऱ्या. पुढे अर्थाची जागा कोरी.

"नाना, वीज गेली तर हा जाईल. सेव्ह करू?"

नानांनी माझा हात माउसवरून हळूच बाजूला केला.

"अक्काने अर्थ कुठे सांगितलाय अजून?"