लांब बाह्या

महाडच्या बाजारातले ते कपडेवाले चाचा गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "लग्नात जायचा हाय का डोंगरात?" डोंगर म्हटलं की कापडावर पाण्याचे चार थेंब टाकून फुंकर घालतात. लवकर सुकलं तरच ते पोरांसाठी काढतात. "बाह्या लांबच घ्या. ऊन नि काटे, दोन्ही अडतात."

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांचं ऐकलं नाही. डोंगरातल्या कुडपण गावी जाताना, फोटो चांगले यावेत म्हणून, दुसऱ्या दुकानातून मुलांना तंग जीन्स घेतल्या. घामाने धाकटीच्या मांड्या सोलवटल्या. बायको चिडली, तेव्हा मी सांगून टाकलं, "चाचांनीच दिल्या."

वर्षभर ते मला टोचत होतं. परवा चाचांच्या दुकानात, बायकोसमोरच, सगळं कबूल केलं. ती चाचांना म्हणाली, "मी इथं येऊन एवढी भांडले, तरी तुम्ही गप्प?"

"काय बोलू गो पोरी? तुला ह्याच्याच संगती घरी जायचा व्हता."

मग त्यांनी माझ्यासाठीही लांब बाह्यांचा सदरा काढला. बायकोने तो परत सारला. "ह्यांना जीन्स बघा, चाचा. तंगातली तंग. यंदा कुडपणला ह्यांचेच फोटो काढायचेत."