सॉरी या शब्दाचं मूळ

कोणी "सॉरी" म्हटलं की ते हातातलं पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कुठे दुखतंय?"

दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या भाषांतर विभागात त्यांचं आणि माझं टेबल समोरासमोर होतं. त्यांचं म्हणणं असं, की सॉरी हा शब्द मुळात दुखण्याचा. जुन्या इंग्रजीत ज्याला आतून ठणकतंय तो सॉरी. 'सॉरो', म्हणजे शोक, हा त्याचा भाऊ नव्हे. चेहरा जुळतो म्हणून लोक नातं लावतात, इतकंच. "आणि दिल्लीत बघा ताई, बसमध्ये पाय तुडवून पुढे गेल्यावर म्हणतात. दुखतं एकाला, सॉरी म्हणतो भलताच."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याचा कंटाळा येतो, आणि तो रजेवर गेला की करमत नाही. आमच्या शिपायानं एकदा त्यांच्या फायलीवर चहा सांडला आणि म्हणाला, "सॉरी नहीं बोलूँगा साहब, आप डॉक्टर बन जाते हो." ते स्वतःच सगळ्यात जास्त हसले.

त्यांचा एकुलता एक मुलगा गाझियाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. पत्रे दाबायच्या बंद प्रेसमध्ये वाकून तो अडकलेला पत्रा काढत होता, तेवढ्यात कोणीतरी मशीन सुरू केलं. लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याला आणलं तेव्हा चेहरा झाकलेला होता. आम्ही तो कोणाला उघडू दिला नाही.

त्यानंतर त्यांना एकच हवं होतं. हे माझ्या हातून झालं, असं कोणीतरी समोर येऊन म्हणावं. भरपाईचं बोलणं ते ऐकूनच घेत नसत.

कारखान्याचा मॅनेजर आला, सोफ्याच्या कडेवर बसला. "वी आर व्हेरी सॉरी, सर."

"कहाँ दर्द है?" त्यांनी विचारलं.

मॅनेजर गोंधळला. मग म्हणाला, "जी, कमर में. गाड़ी में बहुत बैठना पड़ता है."

मी आणि त्यांच्या पत्नी, वहिनी, स्वयंपाकघरात होतो. वहिनींनी चहाखालचा गॅस बंद केला.

पुढे एका रविवारी मशीन चालवणारा स्वतःच आला. चाळिशीचा माणूस, वाळून गेलेला. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं. दारातच म्हणाला, "मशीन मैंने चलाई थी, साहब. मुझे लगा अंदर कोई नहीं है." आणि उभा राहिला.

त्यांनी दार लावून घेतलं.

हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "दुखत होतं त्याला. दिसत होतं."

"मग? तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण तो समोर आला आणि मला फक्त त्याचे हात दिसले."

तो माणूस त्यानंतरही अधूनमधून येई, खाली जिन्यात बसून राही. वहिनी त्याला पाणी नेऊन देत. ते कधी त्याच्यासाठी खाली उतरले नाहीत. ऑफिसात आता कोणी सॉरी म्हटलं तर ते "ठीक आहे" म्हणत आणि पेन चालूच ठेवत. मला ते ऐकवत नसे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते आणि वहिनी अकोल्याला निघाले. मी स्टेशनवर गेले, तर तो मशीनवाला तिथं आधीच हजर. वहिनींनीच गाडी सांगितली असणार. त्यानं सगळ्या बॅगा उचलून डब्यात लावल्या. त्यांनी अडवलं नाही, बघितलंही नाही. खिडकीकडे तोंड करून बसले. मला मात्र म्हणाले, "ताई, ऊन आहे, जा तुम्ही."

गाडी हलली. शेवटचा डबा गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"मैडम, साहब ने माफ़ किया?"

हो म्हणून त्याला घरी पाठवणं सोपं होतं.

"नहीं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याच फलाटावर पुढची गाडी लागली, हमाल धावले, माणसं त्याला ढकलून चढू लागली. तो बाजूला झाला नाही.